वारं लागू दे

चिमणाबाईचा आवाज लिफ्टच्या आधी चौथ्या मजल्यावर पोचायचा. खाली गेटवर वॉचमनशी तिची जी काही बोलाचाली व्हायची ती वर स्वयंपाकघरात शालनला स्पष्ट ऐकू यायची, आणि मग शालन तेलाची वाटी गरम पाण्यात ठेवायची. घड्याळ बघायची गरज नसे.

चिमणाबाईचं काम बाळंतिणीला आणि बाळाला तेल लावून न्हाऊ घालायचं. साठी कधीच ओलांडली होती, पण हात अजून पैलवानाचे. शाहूपुरीपासून फुलेवाडीपर्यंत किती पोरं तिच्या पसरलेल्या पायांवर पालथी पडून बोंबलली याला गणती नव्हती. त्यातली कैक आता मिशा राखून हिंडत होती. एकदा ती भाच्याच्या मोटारसायकलवर मागं बसून निघाली असताना चौकात ट्रॅफिक पोलिसानं अडवलं. चिमणाबाईनं त्याचं तोंड निरखून बघितलं आणि भर चौकात विचारलं, "तू गवळ्याच्या इंदूचा थोरला न्हवं? तुझ्या ढुंगणाला सव्वा म्हयना तेल चोळलंय मी. मला अडवतोस व्हय?" पोलिसानं चारी बाजूंची वाहतूक थांबवली आणि ह्यांना आधी जाऊ दिलं.

तेजस्वी तर तिच्या हक्काची. सत्तावीस वर्षांपूर्वी शाहूपुरीत, दुकानामागच्या दोन कौलारू खोल्यांत, शालनची ही लेक चिमणाबाईच्याच पायांवर अंग धरून वाढली. आता तेजस्वी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, तेव्हा शालननं दुसऱ्या कुणाचं नावही काढलं नाही. बदललं होतं ते फक्त घर. शालनचा नवरा उदयसिंह याचं ऑईल इंजिन दुरुस्तीचं दुकान अजून शाहूपुरीतच होतं, पण राहायला त्यांनी कळंब्याकडं नवा फ्लॅट घेतला होता. सरकत्या काचेच्या खिडक्या, काचेला रबराच्या पट्ट्या, दारं अशी की लावली की बाहेरचा ब्यांडसुद्धा ऐकू येऊ नये. शालनला त्याचं फार कौतुक. "मावशी, धुळीचा कण आत येत न्हाय बगा," ती पहिल्याच दिवशी म्हणाली.

"त्ये असू दे. शेगडी हाय न्हवं?" चिमणाबाईनं विचारलं.

"हाय की. कुंभारवाड्यातनं नवी आणलीया, तुमच्यासाठी."

चिमणाबाईचा खरा अभिमान त्या शेगडीचा. मालिश कुणीही करील, पण बाळंतिणीला शेक द्यावा तो तिनंच. मागच्या गॅलरीत कोळसा पेटवायचा, पंख्यानं वारा घालून निखारे लालभडक करायचे, धूर पुरता निघून गेला की मगच शेगडी आत न्यायची. धूर असलेली शेगडी तिनं जन्मात कधी बाळंतिणीच्या खोलीत नेली नव्हती. मग बाजल्याखाली शेगडी, निखाऱ्यांवर चिमूटभर ओवा आणि शेपा, वर पांघरूण घेऊन आई नि बाळ. उदयसिंहनं त्यासाठी गावाकडून टेम्पोत घालून सुंभाचं बाजलं आणलं होतं, आणि ते चकचकीत फरशीवर पाहुण्यासारखं अवघडून उभं होतं.

"खिडकी लाव," चिमणाबाईनं फर्मावलं. "दाराखालनं वारं येतंय, तितं फडकं सार. बाळंतिणीला वारं लागता कामा न्हाय."

शालननं जुना टॉवेल गुंडाळून दाराच्या फटीत गच्च बसवला.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून तेजस्वीचं डोकं दुखायला लागलं. शेक घेऊन उठली की कपाळ ठणकायचं, मळमळायचं, दुपारपर्यंत उतरायचं. रात्री बाळ झोपू देत नाही, त्याचं जागरण, असं शालनचं मत पडलं. बाळाचे वडील विश्वजित वारणानगरला नोकरीला होते. ते फोनवर म्हणाले, पाणी जास्त पी. चिमणाबाईला वेगळंच वाटत होतं, कारण तिचंही डोकं जड व्हायला लागलं होतं. खाली उतरून स्टॉपवर बसची वाट बघेपर्यंत बरं वाटायचं.

"ही लिफ्टच वंगाळ," तिनं निदान केलं. "पोटात गोळा येतोय आन् डोकं फिरतंय."

मग दोन दिवस ती चार जिने चढून आली आणि चार जिने उतरून गेली. डोकं दुखायचं ते दुखलंच, शिवाय गुडघेही दुखले. मग तिनं शालनच्या चहावर संशय घेतला. चहा सोडला. काही फरक नाही.

शेवटी तिनं दृष्ट काढायची ठरवली. मीठ, मोहरी, लाल मिरच्या तेजस्वीवरून आणि बाळावरून ओवाळून त्याच शेगडीत टाकल्या. मिरच्यांचा असा खकाणा उठला की खोलीतल्या सगळ्यांना ठसका लागला. बाळ शिंकलं. शालननं धावत येऊन खिडकी सताड उघडली आणि दार उघडं टाकलं. त्या दिवशी तेजस्वीचं डोकं दुखलं नाही. चिमणाबाईचंही नाही.

"बगितलंस?" चिमणाबाई जाताना म्हणाली. "नजरच हुती. कशी खाटकन उतरली."

दुसऱ्या दिवशी खिडकी पुन्हा बंद झाली.

बारशाच्या आदल्या दिवशी थंडी कडाक्याची पडली. कळंब्याच्या तळ्याकडून धुकं उठून बिल्डिंगला येऊन टेकलं होतं. शालनला घरात हजार कामं. उद्या वीस-पंचवीस माणसं येणार, म्हणून ती सकाळपासून लाडू वळत बसली होती. गारठा बघून तिनं आज शेगडी काठोकाठ भरून पेटवली, निखारे फुलल्यावर चिमटे घालून आत आणून दिली, आणि स्वतः दार ओढून परत लाडवांकडं गेली.

दहा वाजायला आले होते. न्हाणं झालं होतं. तेजस्वी बाजल्यावर कुशीवर पडली होती, शेजारी दुपट्यात गुंडाळलेली पोरगी. चिमणाबाई भिंतीला टेकून खाली बसली आणि लंगोटांच्या घड्या घालता घालता तिनं पोरीचं टोपडं हातात घेतलं. त्याच्या नाड्या ओघळल्या होत्या, त्यांना गाठ मारायची होती.

गाठ बसेना.

तिनं पुन्हा नाडी धरली. बोटं दुसऱ्याच कुणाची असल्यासारखी चालत होती. जन्मभर डोळे मिटून गाठी मारणारी बाई मी, हाताला झालंय काय, असं तिच्या मनात आलं. पण तेही संथपणे, लांबून कुणी बोलल्यासारखं.

"तेजू," तिनं हाक मारली, "आजबी दुखतंय का गं डोस्कं?"

तेजस्वीनं काहीतरी उत्तर दिलं. शब्द अर्धाच आला आणि बाकीचा तोंडातच विरघळला.

"काय म्हणालीस?"

उत्तर नाही. चिमणाबाई गुडघ्यांवर सरकत बाजल्यापाशी गेली आणि तिनं टोपडं तसंच पोरीच्या कानावर ओढलं. ही पोरगी टोपड्याच्या नुसत्या वासानं बिल्डिंग डोक्यावर घ्यायची. आज तिनं मान एका बाजूला टाकली आणि पडून राहिली. टोपडं बिनतक्रार घालून घेणारं बाळ चिमणाबाईनं इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं.

आणि तिला स्वतःला झोप येत होती. दुखत-खुपत काही नव्हतं. भिंतीला डोकं टेकावं, घटकाभर डोळे मिटावेत, मग बघू, इतकं सोपं वाटत होतं.

त्या सोपेपणानंच तिला हटकलं. तिचा धाकटा भाऊ ज्ञानू असंच बोलला होता. बऱ्याच वर्षांपूर्वी गावाकडं उसाला पाणी पाजायला विहिरीत खाली डिझेल इंजिन बसवलं होतं, आणि ते चालू असताना ज्ञानू बघायला उतरला होता. जेमतेम वर आला आणि बांधावर आडवा पडून मासोळीसारखा श्वास घेत राहिला. नंतर म्हणाला, "आक्का, दुखलं न्हाय, काय न्हाय. डोस्कं जड झालं, गुडघ्यातनं जीव गेला आन् अशी गोड झोप याय लागली की वाटलं हितंच बसावं. बसलो असतो तर संपलोच हुतो."

ही काय विहीर आहे का, असं म्हणत चिमणाबाईनं मान वळवली. खिडकी बंद. दाराखाली फडकं, तिनंच घालायला लावलेलं. मधे लाल निखारे, ना धूर, ना वास. पलीकडं स्वयंपाकघरात शालन ठणठणीत, गाणं गुणगुणत लाडू वळतेय. आणि ह्या चार भिंतींत तीन जीव, तिघंही झोपेला आलेले.

विहीरच की ही.

तिनं हाक मारायला तोंड उघडलं. चौथ्या मजल्यावर तळमजल्यावरून ऐकू येणारा तो आवाज, आज दारापर्यंतही पोचला नाही. उभं राहायला गेली तर गुडघ्यांनी नकार दिला. मग ती रांगत निघाली. तिच्या पायांवर वाढलेली पोरं जशी रांगत, तशी, हात पुढं टाकत. दारापाशी पोचून तिनं टॉवेल ओढून फेकला, कडीला लोंबकळून दार उघडलं आणि उंबऱ्यावर पालथी पडून पॅसेजमधली गार हवा छातीभर ओढली. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा आवाज परत आला.

"शालन!"

वॉचमन पुढं कित्येक दिवस सांगत होता की गेटवर त्याच्या हातातला चहा हिंदकळला.

शालन तुपाचे हात घेऊन धावत आली. तोवर चिमणाबाईनं दम धरून आत जाऊन पोरीला उचललं होतं. "ही घे! म्होरल्या गॅलरीत ने, मोकळ्यावर!"

"अहो मावशी, गॅलरीत केवढा गारठा! पोरीला वारं लागंल!"

"लागू दे! वारंच लागू दे तिला! पळ!"

शालन पळाली. चिमणाबाईनं पॅसेजमध्ये पुन्हा छाती भरून घेतली, आत जाऊन खिडकीची काच दोन्ही हातांनी रेटून सरकवली, आणि तेजस्वीला गोधडीसकट बाजल्यावरून खाली ओढलं. फरशी गुळगुळीत होती म्हणून बरं. गोधडीची टोकं धरून मागं मागं सरकत तिनं त्या लेकुरवाळीला दाराबाहेर, पॅसेजमधून, थेट पुढच्या गॅलरीत आणून टाकलं आणि स्वतः तिच्याशेजारी बसकण मारली.

धुक्याचं गार वारं तिघींच्या तोंडावर आलं. क्षणभर काहीच झालं नाही. मग पोरीनं तोंड वाकडं केलं, हात झाडले आणि असा टाहो फोडला की समोरच्या बिल्डिंगीतल्या दोन बायका खिडकीत आल्या.

"रड," चिमणाबाई म्हणाली. "रड माझी बाय. आनखी जोरात रड."

तेजस्वीनं डोळे उघडले, उलटी केली आणि कुरकुरली, "आई, मला बाहेर का झोपवलंय? थंडी वाजतीय की."

शालन रडत-हसत तिच्या अंगावर शाल घालत होती. मधेच तिला आठवलं. "अगंबाई, शेगडी आतच हाय! बाजल्याला लागंल!" ती उठली तशी चिमणाबाईनं तिचा पदर गच्च धरला.

"आत पाऊल टाकायचं न्हाय. खिडकी उघडी हाय, दार उघडं हाय, आदी ती हवा जाऊ दे भायेर. तू आदी एकशेआठला फोन लाव."

फोन लागला. आवाज ऐकून वर आलेल्या वॉचमननं जरा वेळानं नाकाशी रुमाल धरून आत धाव घेतली, शेगडी उचलून मागच्या गॅलरीत ठेवली आणि तो आल्या पावली परत फिरला. चिमणाबाईनं त्यालाही नाकावरच्या रुमालाबद्दल झापलं. "मिरच्या न्हाईत त्या, रुमालानं अडायला!"

हॉस्पिटलात डॉक्टर निशिगंधा ड्युटीवर होती. शाहूवाडीकडची पोरगी, वयानं तेजस्वीएवढीच, केस घट्ट बांधलेले आणि बोलणं तुटक. तिनं तिघींच्याही बोटांना ऑक्सिजन मोजायचे चिमटे लावले. छोटीच्या पायाच्या अंगठ्याला.

"अठ्ठ्याण्णव," शालननं आकडा वाचला. "म्हणजे चांगलं हाय की, डॉक्टर?"

"ह्या चिमट्यावर जाऊ नका," निशिगंधा म्हणाली. "त्याला ऑक्सिजन आणि हा वायू यातला फरक कळत नाही. कार्बन मोनॉक्साईड म्हणतात याला. रक्त तपासल्याशिवाय खरं कळत नाही. तोवर तिघींनाही ऑक्सिजन." मग ती चिमणाबाईकडं वळली. "आजी, आधीपण असं होत होतं का? खोलीत असताना डोकं दुखायचं, बाहेर पडलं की बरं वाटायचं?"

चिमणाबाईला लिफ्ट आठवली, चार जिने आठवले, सोडलेला चहा आठवला. मग मिरच्यांच्या दिवशीची उघडी खिडकी आठवली, आणि ती एवढी ओशाळली की तिनं नर्सच्या हातातला मास्क स्वतःच ओढून तोंडावर लावला.

पण मास्क लावून गप्प बसणं तिच्या स्वभावात नव्हतं. ती आतून बोलायची, ते कुणाला कळायचं नाही, मग ती मास्क उचलून बोलायची, आणि खाटेपलीकडून निशिगंधा न बघताच म्हणायची, "आजी, मास्क."

तासाभरात उदयसिंह आला, दुकानातून तसाच, कोपरापर्यंत ऑईलचे हात. आधी लेकीपाशी गेला, मग नातीपाशी, मग चिमणाबाईच्या खाटेसमोर उभा राहून त्यानं ते काळे हात जोडले. "मावशी, आज तुम्ही नसता तर..."

चिमणाबाईनं मास्क खाली ओढला. "हात जोडू नगंस उदयसिंग. ऐक. खिडकी मी लावाय सांगिटली. फडकं मी साराय सांगिटलं. शेगडी माझी, अक्कल माझी. पोरीचं डोस्कं आठ दिस दुखत हुतं तर मी मिरच्या जाळल्या. मीच तिला त्या खोलीत कोंडली आन् मीच भायेर काढली, ह्यात माझं कसलं कवतिक?"

तिचा आवाज काही हळू येत नसे. पलीकडच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यानं उशीवरून मान उचलली.

उदयसिंह खाटेच्या कडेला बसला. "कोळशाचं पोतं मी आणून दिलं, मावशी," तो म्हणाला. "माझा जन्म इंजिनांत गेला. दुकानात इंजिन टेस्टला लावलं की म्होरलं शटर, मागलं शटर, दोन्ही उघडतो. नव्या पोराला पैल्या दिवशी तेच शिकवतो. आन् घरात माझ्या डोस्क्यात आलं न्हाय. मग मला काय म्हणायचं?"

"तुला बी बावळटच म्हणायचं," चिमणाबाई म्हणाली आणि डोळे पुसले.

"आजी, मास्क," निशिगंधा म्हणाली.

दुपारी रक्ताचे रिपोर्ट आले. तिघींच्याही रक्तात तो वायू सापडला होता, पण ऑक्सिजनवर तो उतरत होता. छोटी दूध प्यायला लागली होती. एक दिवस इथंच ठेवू, निशिगंधा म्हणाली, आणि काही आठवड्यांनी परत दाखवून जा, कारण कधी कधी याचा त्रास उशिरानं उमटतो. चिमणाबाईनं तिला थांबवलं. दिवसभर ती ज्या प्रश्नावर अडली होती तो विचारला.

"डॉक्टरीण बाई, एक सांगा. चाळीस वर्सं मी हीच शेगडी करत आलो. ही तेजू बी त्याच शेकावर वाढली. तवा कुणाला काय झालं न्हाय. मग आत्ताच का?"

निशिगंधा स्टूल ओढून बसली. "तेजस्वीच्या वेळी घर कसं होतं, आजी?"

"कौलाचं."

"कौलांतून ऊन दिसायचं?"

"ऊन कसलं, मांजर यायचं की!" चिमणाबाई म्हणाली आणि बोलता बोलताच थांबली. कौलांच्या फटी, भिंतीवरचा झरोका, न लागणारं दार. वारं अडवायला ती तेव्हाही फडकी कोंबायची, पण त्या घराला चारशे भोकं होती. ह्या घराला एक होतं, आणि ते तिनं टॉवेलनं बुजवलं. "म्हंजे माजी शेगडी चांगली न्हवती. घरं गळकी हुती म्हणून निभावलं."

"तसंच. आमच्या घरी पण हिवाळ्यात घमेल्यात निखारे घेऊन बसायचे. धूर गेला की भीती गेली असं सगळ्यांनाच वाटतं. पण हा वायू दिसत नाही, वास येत नाही. लाल निखाऱ्यातूनच येतो. बाळांना सगळ्यात आधी लागतो, कारण त्यांचा श्वास भरभर चालतो."

चिमणाबाईला काही वर्षांपूर्वीची एक सून आठवली, स्लॅबच्या नव्या खोलीतली, जी शेकताना सारखी गुंगायची, आणि तिला सगळ्यांनी आळशी ठरवलं होतं. चिमणाबाईनंसुद्धा. तिनं त्या पोरीची मनातल्या मनात माफी मागितली. मग तिनं निशिगंधाला आणखी अर्धा तास सोडलं नाही. कोळसा झाला, मग लाकूड, मग गॅस, मग बाथरूममधला गॅसचा गिझर, सगळं विचारून घेतलं, आणि शेवटी तिचं लग्न ठरलंय का तेही.

बारसं आठ दिवसांनी झालं. मधल्या काळात शालनच्या नणंदेनं सुचवलं होतं की आता दुसरी बाई बघा. तेजस्वीनं बाजल्यावरूनच सांगितलं, "चिमणाआजी येणार असतील तर मालिश. नाहीतर नको." चिमणाबाई आली ती हातात रबराची गरम पाण्याची पिशवी घेऊन. ओव्याची पुरचुंडी स्वयंपाकघरात तव्यावर गरम करायची, खिडकी चार बोटं उघडी ठेवायची, अंगावर पांघरूण दुप्पट घालायचं. शेगडीत शालननं तुळस लावली. विश्वजितनं कुठूनसा एक छोटा डबीसारखा अलार्म मागवून भिंतीवर लावला होता. हा वायू साठला की ओरडतो म्हणे. तो सुरू आहे का बघायला त्यांनी बटण दाबलं, तर तो असा किंचाळला की चिमणाबाईनं आवाजात आपल्याला कुणी जोड मिळाल्यासारखं त्याच्याकडं आदरानं बघितलं.

पोरीचं नाव मृण्मयी ठेवलं. चिमणाबाईनं ते तीनदा घोकलं, तिन्ही वेळा वेगळं झालं, आणि मग जाहीर केलं की माझ्यापुरती ही मनी.

त्यानंतरचे दिवस तिनं नुसती पायपीट केली. हातात असलेल्या सगळ्या घरांत जाऊन तिनं स्वतःच सुरू केलेल्या शेगड्या स्वतःच बंद केल्या. "चूक माझी हुती," असं ती दारातच म्हणून टाकायची, त्यामुळं भांडायला आलेल्या सासवांचा निम्मा जोर तिथंच जायचा. राहता राहिली चाँदबी.

चाँदबी तिच्याच वयाची, तिच्याएवढ्याच आवाजाची, आणि तीस वर्षांची मैत्रीण. तिचा मुलगा अझीम चामड्याच्या चपला शिवायचा. सून सुहाना तीन आठवड्यांची बाळंतीण होती.

"शेगडी बंद?" चाँदबी म्हणाली. "चिमणा, तुझं वय झालं. तूच मला शिकवलीस ना ही शेगडी? आता तूच बंद कर म्हनतीस?"

"व्हय. शिकवणारीच म्हणतीय, म्हणून तर ऐक."

अर्धा तास वाद झाला आणि शेगडी शेवटी अंगणात गेली. पण चिमणाबाई तेवढ्यावर थांबली नाही. तिनं न्हाणीघराचं दार उघडलं. आत भिंतीवर गॅसचा गिझर, आणि वरच्या बारक्या खिडकीला प्लास्टिकचा कागद खिळे ठोकून बसवलेला.

"ह्ये काय?"

"थंडी येती. आन् शेजारची पोरं बघत्यात."

"सुहाना, तुला आंघोळीनंतर चक्कर येती का गं?"

सुहानानं सासूकडं बघितलं. "कधी कधी येती. बाळंतपणाची असंल म्हणून बोलले न्हाय."

"आन् तुझं डोस्कं दुखतंय का, चाँदबी? सकाळचं?"

"दुखतंय की," चाँदबी म्हणाली. "पन ते अझीमच्या अब्बाच्या बोलन्यानं दुखतंय. लगीन झाल्यापासनं."

आतल्या खोलीतून चाँदबीचे यजमान मौलालीभाई म्हणाले, "मी आंघोळ लौकर आटपतो म्हणून माझं दुखत नाही."

सगळे हसले. अझीम मात्र हसता हसता थांबला, आणि स्टूल घेऊन न्हाणीघरात गेला. त्यानं खिळे उपटून कागद काढला. चिमणाबाईनं त्याला खालून सांगितलं, हा गिझर आतनं काढून भायेर भिंतीवर बसव, मिस्त्री बोलाव, स्वतः हात घालू नकोस. आणि तोवर सुहाना, दार-खिडकी उघडी ठेवून बादली भरून घ्यायची, गिझर बंद करायचा, मग आत जायचं. खिडकीला आतनं दोरीवर पडदा घाल, वारं खेळंल आणि पोरांना काय दिसणार न्हाय.

"दोरीवर पडदा," चाँदबी म्हणाली. "हे आधी सांगितलं असतंस तर मी भांडले असते कशाला?"

"तू भांडलीच असतीस."

सुहाना चहा घेऊन आली. खोलीची खिडकी उघडी होती आणि संध्याकाळचा गारठा सरळ आत येत होता. चाँदबीनं शाल कानांवरून घेतली. चिमणाबाईनं पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घट्ट धरला. दोघींचीही बोटं चहाच्या पेल्याभोवती आवळलेली.

"थंडी लागतीय का गं?" चाँदबीनं विचारलं.

"छट्," चिमणाबाई म्हणाली. तिचे दात वाजत होते. "तुला?"

"मला कशाची?"

अझीमनं दोघींकडं आळीपाळीनं बघितलं, मुकाट्यानं उठला आणि आतून दोन रजया घेऊन आला.